मूल होत नाही? आधी नवऱ्याची तपासणी करा

(कुणकेश्वर, ता. देवगड येथे तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिरासाठी मला फोन आला तेव्हा संयोजकांना वाटलं होतं, हा सॉफ्टवेअरवाला आहे, तर कॉम्प्युटरवर, नोकऱ्यांवर बोलेल. मी म्हटलं, मला मूल न होण्यावर बोलायचंय. पुरुषामुळे मूल न होण्यावर. पलीकडे थोडा वेळ आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, "शिबिराला मुलीही असतील हो." मी म्हटलं, "म्हणूनच."

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. इंजिनीअर आहे, पुण्यात नोकरी करतो. पण या विषयात मी साडेसात वर्षं घालवली आहेत. पैसा घातला, आणि बायकोच्या तब्येतीची फार मोठी किंमत दिली. जे मला सातव्या वर्षी कळलं ते तुम्हाला आज, लग्नाआधीच कळावं, एवढ्यासाठी आलोय.

आपण बसलोय ते गाव नवसाचं आहे. कुणकेश्वरच्या देवळाची कथा इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. वादळात सापडलेल्या एका इराणी व्यापाऱ्याला किनाऱ्यावरचा उजेड दिसला, तो वाचला, आणि त्यानं इथं देऊळ बांधून दिलं, असं जुने लोक सांगतात. त्याचं थडगंही दाखवतात. संकटात माणूस उजेड शोधतो, मग तो कुठलाही असो. आम्हीही शोधला. माझ्या आईनं दर्ग्यांना धागे बांधले, खालानं पढलेलं पाणी पाठवलं, शेजारच्या काकूंनी आपल्या देवाला नवस बोलला. मी त्यांच्यापैकी कुणालाच हसत नाही. त्यांच्या हातात होतं ते त्यांनी केलं. माझ्या हातात होतं ते मात्र मी केलं नाही. मी स्वतःची तपासणी केली नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी भाताची शेती असेल. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात, ठाऊक आहे ना? पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकतात, भरलेलं बी तळाला बसतं ते पेरतात. बी न तपासता पेरलं आणि उगवलं नाही, तर शहाणा शेतकरी जमिनीला शिव्या देत नाही. पण लग्नात आपण नेमकं तेच करतो. बाईला शेत म्हणायचं, आणि उगवलं नाही की शेत नापीक ठरवायचं.

खरं तर ही शेताची उपमाच चुकीची आहे. बाई नुसती जमीन नाही. मुलाच्या घडणीतलं अर्धं बियाणं तिचं असतं, अर्धं पुरुषाचं. दोन्हीकडून अर्धं अर्धं येत असेल, तर तपासणी एकीचीच का?

आपल्या भाषेकडे बघा. मूल न झालेल्या बाईला मराठीत वांझ, वांझोटी म्हणतात, उर्दूत बांझ. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात असा शब्दच नाही. कुणी 'नपुंसक' म्हणतं, पण ती वेगळी गोष्ट आहे. नपुंसकत्व म्हणजे शरीरसंबंध जमत नाही. वंध्यत्व म्हणजे संबंध व्यवस्थित आहेत, पण वीर्यात शुक्राणू नाहीत, कमी आहेत किंवा धड नाहीत. दिसायला पैलवान, सगळं सुरळीत, आणि वीर्यात एकही शुक्राणू नाही, असा माणूस असू शकतो. डोळ्यांना वीर्य दिसतं, शुक्राणू दिसत नाहीत. ते सूक्ष्मदर्शकातूनच दिसतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की पुरुषाला तपासणीच अपमान वाटते. मलाही वाटली होती.

आता माझी गोष्ट सांगतो.

सत्ताविसाव्या वर्षी माझा निकाह झाला. दोन वर्षं गेल्यावर घरात कुजबुज सुरू झाली. गावी आलो की नात्यातला एक म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणायचा, "तुका काय झालाहा? तिकाच दाखव डाक्टराक." आणि मी तिलाच दाखवलं. तिची रक्ततपासणी झाली, दर महिन्याला सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे. तो एक्स-रे काढताना ती कळवळली होती, आणि मी बाहेर मोबाइलवर ऑफिसची मीटिंग करत होतो. मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया. सगळे रिपोर्ट चांगले. साडेतीन वर्षं गेल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि यांचा रिपोर्ट कुठाय?"

माझा रिपोर्ट नव्हता. साडेतीन वर्षांत मला कुणी मागितला नव्हता, आणि मी स्वतःहून दिला नव्हता.

तपासणी झाली. एका मिलिलिटरमध्ये सहा लाख शुक्राणू. ऐकायला मोठा आकडा वाटतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा एका मिलिलिटरला एक कोटी साठ लाख आहे. सहा लाख म्हणजे जवळजवळ नाहीच. पुन्हा तपासलं, तेवढेच.

पुढे जे झालं ते जास्त गंभीर आहे. एका ठिकाणी मला संख्या वाढवायच्या गोळ्या दिल्या. वर्षभर खाल्ल्या, काही फरक नाही. मग सांगितलं, काळजी नको, इक्सी करू, त्याला एक शुक्राणूसुद्धा पुरतो. इक्सी म्हणजे एक शुक्राणू सुईनं थेट स्त्रीबीजात सोडायचा. दोनदा केलं. दोन्ही वेळा गर्भ राहिला नाही. त्या दोन्ही वेळा दहा-बारा दिवस रोज सुया कुणाच्या पोटात गेल्या? तिच्या. भूल देऊन बीजं कुणाच्या शरीरातून काढली? तिच्या. दुखणं माझ्याकडे आणि सुया तिला.

तिसऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या जनुकीय सल्लागार मुलीनं फाइल चाळली आणि विचारलं, "यांची रंगसूत्रांची तपासणी कुठे आहे? वाय मायक्रोडिलीशनची?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. ही नावंच पहिल्यांदा ऐकत होतो. तिनं माझ्या दंडातून दोन नळ्या रक्त घेतलं. बस, एवढंच. पुढे रिपोर्ट आला: माझ्या वाय रंगसूत्राचा एक तुकडा जन्मापासूनच गायब आहे.

हे काय असतं, ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो.

आपल्या पेशीत ४६ रंगसूत्रं असतात, २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. शेवटची जोडी बाईत एक्स-एक्स आणि पुरुषात एक्स-वाय. बाकीच्या जोड्यांत एका प्रतीत गडबड झाली, तर दुसरी प्रत शिल्लक असते. वायच्या बहुतेक भागाला तसा जोडीदार नाही. त्याला बॅकअप नाही. शिवाय वायच्या एका भागात तेच ते मोठे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, जसं नवख्या प्रोग्रॅमरनं एकच कोड दहा ठिकाणी कॉपी-पेस्ट केलेलं असतं. वडिलांच्या शरीरात शुक्राणू तयार होताना एक तुकडा चुकून दुसऱ्याच सारख्या तुकड्याशी जुळतो, आणि मधला भाग गळून पडतो. नेमक्या त्या मधल्या भागात शुक्राणू तयार करायच्या सूचना असतात.

म्हणजे ही माझ्या वडिलांची चूक नाही, आईची नाही, कुणाच्या नजरेची नाही, माझ्या तरुणपणातल्या कुठल्या गोष्टीची तर नाहीच नाही. माझे वडील पाच मुलांचे बाप. बहुतेक वेळा हा तुकडा असाच नव्यानं गळतो, म्हणून भावांना सहसा हा त्रास नसतो.

वायमध्ये असा भाग असावा, हे टिएपोलो आणि झुफार्दी या इटलीतल्या संशोधकांनी १९७६ साली ओळखलं. आज त्याचे तीन विभाग मानतात: ए, बी आणि सी. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या ३४० भारतीय पुरुषांची तपासणी करून २००३ साली निष्कर्ष छापले. सुमारे साडेआठ टक्क्यांच्या वायमध्ये तुकडे गायब होते. म्हणजे हा दूरदेशीचा आजार नाही.

आता तुम्ही विचाराल, तपासून काय फायदा? गळालेला तुकडा परत जोडता येतो का? नाही येत. पण कुठला तुकडा गळालाय, त्यावर पुढचं सगळं ठरतं. सी गळाला असेल, तर माझ्यासारखे थोडे शुक्राणू मिळू शकतात. वीर्यात मिळाले नाहीत, तर सुमारे निम्म्या पुरुषांत शस्त्रक्रियेनं वृषणातून मिळतात. पण ए किंवा बी पूर्ण गळाला असेल, तर शस्त्रक्रिया करूनही शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते, म्हणून ती करूच नये असं सांगतात. तिसऱ्या ठिकाणच्या वेटिंग रूममध्ये मला एक जण भेटला होता. त्याच्या वृषणावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती, दागिने मोडून. दोन्ही वेळा काही मिळालं नव्हतं. त्यानंतर त्याची ही रक्ततपासणी झाली. त्याचा बी गायब होता. काही हजारांची तपासणी आधी झाली असती, तर त्या दोन्ही शस्त्रक्रिया टळल्या असत्या.

वाय हे एकच कारण नाही. आणखी तीन सांगतो. लिहून घ्या हवं तर.

एक, क्लाइनफेल्टर. दर सहाशे-सातशे पुरुषांमागे एकात एक्स रंगसूत्र एक जादा असतं, एक्स-एक्स-वाय. अनेकांना आयुष्यभर कळतही नाही. मूल होत नाही म्हणून तपासलं, तरच सापडतं. हे कळणं त्याच्या स्वतःच्या तब्येतीसाठीही गरजेचं आहे, कारण अशा पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, मधुमेहाचा धोका वाढतो. पण मूल हवं असेल तर शुक्राणूंचा विचार आधी आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं नंतर, कारण त्या इंजेक्शनांनी उरलीसुरली शुक्राणूनिर्मितीही थांबते. जिममध्ये जाणाऱ्या पोरांनी हे दोनदा ऐका. शरीर कमवायला ट्रेनर जी सुई देतो, ती धडधाकट माणसाचे शुक्राणूही शून्यावर आणू शकते.

दोन, रंगसूत्रांची अदलाबदल. दोन रंगसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांना दिलेले असतात. एकूण सामान पूर्ण आहे, फक्त जागा बदलली आहे, म्हणून माणूस ठणठणीत असतो. पण शुक्राणूत किंवा बीजात सामानाची वाटणी चुकते, आणि गर्भ पुन्हा पुन्हा पडतो. तिथंही बोट बाईकडेच जातं, "हिच्या पोटात टिकत नाही." वारंवार गर्भपात होत असतील, तर रंगसूत्रं दोघांची तपासायची असतात.

तीन, शुक्राणू तयार होतात पण बाहेर आणणारी नळीच जन्मतः नसते. याचा संबंध बहुधा सीएफटीआर नावाच्या जनुकाशी असतो. दोन्हीकडून बिघडलेलं हे जनुक मिळालं, तर सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. अशा पुरुषाचे शुक्राणू सुईनं काढणं सोपं असतं, म्हणून लगेच इक्सी करायचा मोह होतो. पण त्याआधी बायकोचं सीएफटीआर तपासलं पाहिजे. तिच्याकडेही एक बिघडलेली प्रत असेल, तर मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक, कधी दोनात एक इतकी असते.

इथं आपल्या घरातली एक गोष्ट बोलायला हवी. आपल्याकडे चुलत, मामे, आते भावंडांत निकाह होतात. शेजारच्या हिंदू घरांतही मामाच्या मुलीशी लग्न होतं. मी त्याला चूक-बरोबर म्हणायला उभा नाही. हिशेब तेवढा सांगतो. सख्ख्या चुलत किंवा मामेभावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात. म्हणून दोन्हीकडून तीच बिघडलेली प्रत मुलाकडे यायची शक्यता परक्या जोडप्यापेक्षा जास्त असते. बहुतेक जोडप्यांना निरोगी मुलं होतात. पण नात्यात लग्न झालेलं असेल आणि मूल होण्यात अडचण असेल, तर डॉक्टरांना हे नातं आपणहून सांगा. लपवू नका.

आणि काही कारणांवर इलाज आहे, हेही लक्षात ठेवा. कालमन नावाची एक जन्मजात अवस्था आहे. त्यात मेंदूकडून वृषणाला हुकूमच जात नाही, आणि बऱ्याच जणांना वासही येत नाही. हार्मोनची इंजेक्शनं देऊन अशा अनेक पुरुषांत शुक्राणू तयार होतात. उलट बाजूही सांगतो: सगळ्या तपासण्या करूनही खूप पुरुषांत कारण सापडत नाही. विज्ञान अजून तिथं पोचलेलं नाही.

मग हे आधी का करत नाहीत? याचं एक कारण या तंत्राच्या इतिहासात आहे. टेस्ट ट्यूब बेबी हा उपाय मुळात नळ्या बंद असलेल्या बायकांसाठी निघाला. १९७८ साली इंग्लंडात लुईस ब्राऊन जन्मली ती त्यामुळेच. आपल्या मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा चावडाचा जन्म झाला. त्या कामात परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार त्यांच्या सोबत होते. नंतर १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी इक्सी यशस्वी केल्याचं जाहीर केलं, आणि फार कमी शुक्राणू असलेल्या पुरुषांनाही बाप होता येऊ लागलं. मोठी गोष्ट झाली. मी बाप झालो तो त्यामुळेच. पण त्याबरोबर एक सवय लागली: कारण शोधायची गरजच काय, एक शुक्राणू मिळाला की काम झालं. माझ्या ऑफिसात कुणी एरर का येतेय ते न बघता तिच्यावरून उडी मारणारा कोड लिहिला, तर मी तो परत पाठवतो. आणि इथं तर ती एरर पुढच्या पिढीकडे जाते.

हो, जाते. वायचा सी तुकडा माझ्याकडे नाही, म्हणून तो माझ्या कुठल्याच मुलाकडे असणार नाही. मुलींना वाय नसतंच, त्यांचा प्रश्न येत नाही. निसर्गात कदाचित माझ्यापाशीच थांबलं असतं, ते इक्सीमुळे पुढे जातं. सल्लागार मुलीनं हे आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं, घाई केली नाही, आणि निर्णय आमच्यावर सोडला.

त्या रात्री आम्ही खूप वेळ बोललो. मी म्हणालो, जाणूनबुजून पोराला हे द्यायचं? बायको म्हणाली, "तुझ्यासारखा झाला तर काय बिघडलं? तू जगतोयस, कमावतोयस. फक्त त्याची सात वर्षं अशी अंधारात जायला नकोत." आम्ही तिसरी इक्सी केली. आम्हाला मुलगा झाला. आता दोन वर्षांचा आहे, प्रचंड मस्तीखोर. तो मोठा झाला की मी त्याला समोर बसवून हे सगळं सांगणार आहे. या प्रकारात वयाबरोबर शुक्राणू आणखी कमी होऊ शकतात, म्हणून तरुणपणीच तपासून, मिळाले तर गोठवून ठेवता येतात. त्याला लाज वाटू नये म्हणून आज मला तुमच्यासमोर लाज सोडावी लागते आहे.

दुसऱ्या कुणा जोडप्यानं वेगळा निर्णय घेतला असता. तोही बरोबर असता. निर्णय कुठलाही घ्या, पण माहीत असताना घ्या.

आता कायद्याबद्दल. प्रजनन तंत्राचा कायदा २०२१ साली झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याप्रमाणे प्रत्येक केंद्राची नोंदणी हवी. यशाची शक्यता, खर्च, धोके हे सगळं समजावून सांगणं आणि समुपदेशन देणं हे केंद्राचं कर्तव्य आहे, मेहेरबानी नाही. जनुकीय आजार आधीच माहीत असेल, तर भ्रूण तपासून बघण्याची सोयही कायद्यात आहे. पण माझ्यासारख्याला कुणी म्हणालं, "मुलगीच निवडून देतो, म्हणजे प्रश्न मिटला," तर तिथून उठा. लिंगनिवडीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्रानं केला, नंतर १९९४ साली देशाचा झाला. एक पळवाट उघडली, की तिचा वापर मुली नाकारायला कसा होतो, हे आपण बघितलेलं आहे.

आणि दीनाबद्दल, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारतात. नवरा-बायकोच्याच बीजांपासून असा गर्भ करायला कैरोच्या अल-अझहरनं १९८० सालच्या फतव्यातच मान्यता दिली आहे. दात्याचे शुक्राणू मात्र बहुतेक सुन्नी उलेमांना मान्य नाहीत. आपला कायदा तो मार्ग देतो, ज्याचं त्यानं ठरवावं. पण ज्यांना तो मार्ग नको आहे, त्यांच्यासाठी तपासणी दुप्पट महत्त्वाची. आपले शुक्राणू मिळण्याची आशा आहे की नाही, हे आधी कळलं तर माणूस नसलेल्या दारावर डोकं आपटत बसत नाही. दत्तकाचं दारही उघडं आहे. शबनम हाश्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१४ मध्ये स्पष्ट केलं, की बालन्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरंतर उभा आहे, ती सांगतो. आमच्या नात्यात एकानं औलाद नाही म्हणून पहिल्या बायकोला माहेरी धाडलं आणि दुसरा निकाह केला. दुसरीलाही काही झालं नाही. मग तिचेही उपाय सुरू झाले. पहिलीचं पुढे दुसरीकडे लग्न झालं. तिला आज दोन मुलं आहेत. त्या माणसानं आजतागायत वीर्य तपासलेलं नाही. एका बाटलीत नमुना द्यायचा, एवढंच काम. त्यासाठी दोन बायकांची आयुष्यं उलथीपालथी झाली. आणि आम्ही सगळे नातेवाईक दोन्ही निकाहांना बिर्याणी खाऊन आलो. विचारलं कुणीच नाही. त्यात मीही होतो.

महाराष्ट्रात हे बोलणारा माणूस नव्हता असं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, शरीराबद्दल सरळ मराठीत लिहिलं, अश्लीलतेचे खटले झेलले. शंभर वर्षं होत आली. आपण अजून बाटली हातात घ्यायला लाजतो.

तर काय करायचं?

वर्षभर प्रयत्न करून मूल राहिलं नाही, किंवा बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांत, तपासणी दोघांची सुरू करा. त्यात सगळ्यात सोपी, स्वस्त, न दुखणारी तपासणी पुरुषाची आहे. ती पहिली करा. नमुन्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे, म्हणून गावातून बाटली घेऊन जाऊ नका, लॅबमध्येच द्या. एका रिपोर्टवर विसंबू नका, काही आठवड्यांनी पुन्हा करा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्ये मोठा ताप येऊन गेला असेल तर आकडा तात्पुरता पडतो.

संख्या शून्य किंवा फारच कमी, म्हणजे पन्नास लाखांच्या खाली आली, तर पुरुषांच्या विकारांच्या डॉक्टरांकडून अंगाची तपासणी आणि हार्मोन तपासून घ्या. आणि इक्सी किंवा शस्त्रक्रियेला हो म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: "रंगसूत्रांची आणि वायची तपासणी करायची का? नसेल, तर का नाही?" नळी नसेल तर सीएफटीआरचंही विचारा, दोघांसाठी. ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. रक्ताचा नमुना शहरात पाठवता येतो, त्यासाठी माणसानं कोल्हापूर-मुंबई गाठायला नको. रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि तो समजावून सांगणारा माणूस मागा.

मुलींनो, तुमच्यासाठी एकच. तुमची पहिली सोनोग्राफी लिहून दिली जाईल, तेव्हा शांतपणे विचारा, "यांचा रिपोर्ट कुठाय?" हा प्रश्न उद्धटपणा नाही. आमच्या घरी तो साडेतीन वर्षं उशिरा विचारला गेला.

जेवणाला अजून अर्धा तास आहे. प्रश्न विचारा. सगळ्यांसमोर नको असेल, तर मी बाहेर किनाऱ्याच्या बाजूला उभा आहे, तिथं येऊन विचारलं तरी चालेल. मी सात वर्षं तेवढंही केलं नव्हतं.